१४ किलोचं मूल, इन्फ्युजन पंप नाही: मेंटेनन्स (रोजच्या गरजेचं सलाईन) किती आणि कोणती बाटली?

सुरगाणा_इंटर्न:
मूल ४ वर्षांचं, १४ किलो. न्यूमोनिया, धाप जास्त म्हणून तोंडाने सगळं बंद. जुलाब-उलट्या नाहीत, लघवी होतेय. पहिल्या १० किलोचे १००० मिली, वरच्या ४ किलोचे ५० प्रमाणे २००, असे दिवसाला १२००. पण ४-२-१ ने (तासाला पहिल्या १० किलोंना ४ मिली प्रमाणे, पुढच्या १० ना २, त्यापुढे १) तासाला ४८, म्हणजे ११५२ येतात. कोणतं धरू? कपाटात आयसोलाईट-पी, डीएनएस (मीठ-साखरेचं सलाईन) आणि आरएल (रिंगर लॅक्टेट) आहे. वॉर्डात लहान मुलांना पी-च लावतात.

पंचवटी_बालरोग:
दोन्ही बरोबर. किलोचे १०० मिली भागिले २४ तास म्हणजे ४.१७, त्याचे गोल करून ४ केलेत. त्या ४८ मिलीत डोकं घालू नका, घोळ बाटलीत आहे.

१९५७ साली हॉलिडे आणि सेगार या डॉक्टरांनी या पाण्याबरोबर मिठाचाही हिशेब मांडला, तो दुधातल्या सोडियमच्या आधाराने. पी त्याच जातीची: लिटरला जेमतेम २५ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप) सोडियम. न्यूमोनियात, मेंदूज्वरात, ऑपरेशननंतर एडीएच (पाणी रोखणारं हार्मोन) वाढलेलं असतं, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. त्यात हे फिकं पाणी गेलं की सोडियम घसरतं, मूल सुस्तावतं, झटके येतात. नाव 'पीडियाट्रिक' असलं म्हणून प्रत्येक मुलाला ती चालतेच असं नाही.

डीएनएस लावा: सोडियम १५४, डेक्स्ट्रोज ५ टक्के. आरएलमध्ये साखर नाही, उपाशी मुलाला नुसती मेंटेनन्सला नको. लघवी होतेय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक असेल तर ५०० मिलीत १५ टक्के केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) ५ मिली, म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट. बाटली खाली उतरवून चांगली उलटीपालटी करा. टांगलेल्या बाटलीत टोचलं तर पोटॅशियम तळाशी बसतं आणि आधी तेच शिरेत जातं.

या मुलाला पूर्ण १२०० नको, दोन तृतीयांश द्या: ८००. अँटिबायोटिकसोबत १०० मिली जात असेल तर ७००, तासाला २९.

द्वारका_सिस्टर:
पंप नसेल तर मायक्रोड्रिपचा (बारीक थेंबांचा) ब्युरेट सेट घ्या, मापाचं नळकांडं असलेला. ६० थेंबांचा १ मिली, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: २९. साध्या २० थेंबांच्या सेटवर तेच १० थेंब होतील, मोजताना एकाचा फरक पडला तरी १० टक्के चूक. ब्युरेटमध्ये एका वेळी दोन तासांचंच, ६० मिलीच्या आत भरा आणि वरचा क्लॅम्प बंद ठेवा. चाक सैल झालं तरी तेवढंच जाईल. कोपरात सुई असेल तर हात वाकला की ड्रिप थांबते, फळी बांधा. १०८ मधून नाशिकला पाठवताना बाटलीची उंची बदलते, थेंब पुन्हा मोजा.

सुरगाणा_इंटर्न:
धन्यवाद सर, सिस्टर. सोडियमची तपासणी कधी करू? झटका आलाच तर?

पंचवटी_बालरोग:
सुरू करताना आणि मग निदान दर २४ तासांनी, सुस्ती वाटली तर लगेच. वजन रोज, त्याच काट्यावर. अर्धा किलो चढलं तर पाणी साचतंय. झटक्यात आधी ग्लुकोज बघा. सोडियम कमी निघालं तर ३ टक्के सलाईन किलोला २ मिली, इथे २८ मिली, १०-१५ मिनिटांत. आणि हो, पायांवर सूज असलेलं कुपोषित मूल आलं तर हा हिशेब त्याला लावू नका. शॉक नसेल तर शिरेतून पाणीच नको, नळीने दूध.