सोसायटी ऑफिशियल (फक्त महत्त्वाचे मेसेज)

साठे वहिनी बी-३०४: नमस्कार. याच ग्रुपवर नव्या कॉम्प्युटरसाठी "डोळे झाकून इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर घ्या" असं सांगण्यात आलं होतं. घेतला. काल रात्रीपासून पंखे फिरतायत, दिवे लागतायत आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. लेकीचं प्रोजेक्ट सोमवारी द्यायचंय. सांगणाऱ्यांनी आता बोलावं.

गोखले काका ए-१०२: मी तेव्हाच म्हटलं होतं, आय-सेव्हन घ्या. माझा २०१२ चा आजही चालतो.

राणे सी-४०१: वहिनी, मीच सांगितलं होतं. 'डोळे झाकून' मात्र माझं नाही 🙏 बिलावर पूर्ण नंबर काय आहे?

साठे वहिनी बी-३०४: १२४००एफ

राणे सी-४०१: तिथेच घोळ झालाय. मी १२४०० लिहिलं होतं, वर जाऊन बघा. 'एफ' म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, बंद. मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य बोर्डाच्या) एचडीएमआय सॉकेटला मॉनिटरची वायर लावून काही दिसणार नाही.

साठे वहिनी बी-३०४: एका अक्षरासाठी?? दुकानदार म्हणाला तेच आहे, उलट स्वस्त.

राणे सी-४०१: स्वस्त त्यामुळेच. बाकी तेच, ६ कोअर, १२ थ्रेड. ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकायचंच आहे त्याच्या सोयीचं.

शिंदे ए-५०३: कोअर ६ तर थ्रेड १२ कसे?

मीनाताई बी-२०१: कोअर म्हणजे सहा स्वयंपाकी, प्रत्येकाच्या अंगावर दोन कामं, ते थ्रेड. कुकरची शिट्टी होईपर्यंत कोशिंबीर चिरायची. बारा जणांचं काम होत नाही, पण हात रिकामा राहत नाही.

शिंदे ए-५०३: ताई 👏 आमच्याकडे स्वयंपाकी एकच, सिंगल थ्रेड 😂

सौ. शिंदे ए-५०३: घरी या.

खजिनदार: सभासदांनी कृपया विषयाला धरून बोलावे. मेंटेनन्सची शेवटची तारीख १०.

मीनाताई बी-२०१: विषय कॉम्प्युटरचाच आहे ना, मग सोसायटी ऑफिससाठी घेतला त्याचं कोटेशन कधी दिसणार?

खजिनदार: ते सर्वसाधारण सभेत ठेवले होते. आपण त्या दिवशी लवकर निघालात.

शिंदे ए-५०३: यावर तर २.५ गिगाहर्ट्झच दिसतंय. आमच्या जुन्या पेंटियम फोर प्रोसेसरला ३ होतं! वहिनी, फसवलं तुम्हाला.

राणे सी-४०१: २.५ हा तळचा वेग, काम पडलं की ४.४ पर्यंत जातो. पेंटियम फोर २००४ मध्येच ३.८ ला पोचला होता, कोअर मात्र एक. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ठोके किती; एका ठोक्यात काम किती उरकतं ते बघायचं.

गोखले काका ए-१०२: आय-सेव्हन घ्या म्हटलं होतं.

राणे सी-४०१: काका, आय-सेव्हन नुसतं आडनाव. पिढी पुढच्या आकड्यात, १२४०० म्हणजे बारावी. तुमच्या २०१२ च्या आय-सेव्हन ३७७० ला ४ कोअर, ८ थ्रेड. आय-थ्री १२१०० लाही तेवढेच, आणि तो तुमच्या पुढे पळतो. विंडोज ११ ला तर इंटेलची किमान आठवी पिढी लागते.

गोखले काका ए-१०२: मला अकरा नकोच आहे.

साठे वहिनी बी-३०४: आत्ता खोका बघितला. खोक्यावरच छापलंय, "डिस्क्रीट ग्राफिक्स रिक्वायर्ड", म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, सील फोडलंत, परत घेणार नाही. नवीन कार्ड घेऊन जा म्हणे!

राणे सी-४०१: थांबा, घेऊ नका. आमच्या चिरंजीवांचं जुनं ग्राफिक्स कार्ड, जीटी १०३०, ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. संध्याकाळी पाठवतो. वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

साठे वहिनी बी-३०४: बरं. मघाशी जरा जास्तच बोलले.

राणे सी-४०१: ठीक आहे वहिनी.

साठे वहिनी बी-३०४: लागलं!! पडदा आला. लेक म्हणते, राणे काकांना थँक्यू सांग.

मीनाताई बी-२०१: छान झालं. खजिनदार साहेब, कोटेशन?

*खजिनदार यांनी हा मेसेज डिलीट केला*

गोखले काका ए-१०२: सात घेतला असता तर हे झालंच नसतं.