लेक एएफओ (पाऊल-घोट्याला आधार देणारा पट्ट्यांचा साचा) घालूच देत नाही, काय करू?

माझी लेक ३ वर्षांची. स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (सीपी, मेंदूतल्या दोषामुळे हालचाल बिघडणं) एक प्रकार; दोन्ही पाय ताठ, हात बरे चालतात. एएफओ घालायला घेतले की पाय कात्रीसारखे आवळते आणि रडते. काल टाचेवर लाल चट्टा दिसला, पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणतात, राहू दे, कशाला छळतेस पोरीला.

उत्तर १
ताई, आधी चट्टा बघा. काढल्यावर २०-३० मिनिटांत लाली गेली तर ठीक. राहिली तर घालणं थांबवा आणि बनवणाऱ्याला दाखवा, ते दुरुस्त करून देतात. घालताना तिला मांडीवर घ्या, कंबर आणि गुडघा दुमडा, मग पाऊल आपोआप सैल पडतं. ताठ पायावर जोर लावला की तो आणखी ताठतो. टाच पार मागे टेकली की मगच पट्टे, आधी घोट्यावरचा. आतल्या मोज्याला एक सुरकुतीसुद्धा नको. माझ्या मुलाला आम्ही आधी बाहुलीला पट्टे लावायला दिले. आता स्वतःचा पट्टा तोच 'चर्र' करून उघडतो.

उत्तर २
खुब्याच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना विचारलंत का? सीपीमध्ये खुबा हळूहळू सरकू शकतो, सुरुवातीला दुखतही नाही. आमचं राहून गेलं, त्याची हळहळ अजून जात नाही.

प्रश्न विचारणारी
आज पाहिलं, लाली अर्ध्या तासानंतरही तशीच. उद्याच नेते, एक्स-रेचंही विचारते. बाहुलीचं काम सासूबाईंकडे देते, आजी-नातीचं छान जमतं.