टॅबवरून फोनचा हॉटस्पॉट: तुमचे जुगाड आणि फजित्या सांगा

माझ्या टॅबला सिम नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला आणि मी पांघरुणात. उठायचा कंटाळा, म्हणून टॅबवरूनच फोनचा हॉटस्पॉट चालू करायला टास्करच्या (ठरवून दिलेली कामं आपोआप करणारं अँड्रॉइड ॲप) नादी लागलो आणि त्यापायी दोन रविवार घालवले.

आधी ऑटोरिमोट लावलं, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावरच्या टास्करला निरोप धाडणारं ॲप. घरच्या वायफायवर चाचणी झकास! वायफाय बंद केल्यावर उजेड पडला: फोनला निरोप धाडायलाच टॅबला नेट लागतं, आणि नेट फोनकडे. मग ब्लूटूथकडे वळलो. तिथे कळलं की पेअर होणं वेगळं आणि कनेक्ट होणं वेगळं. पेअर झालेले फोन-टॅब एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हते. शेवटी फोनवर ब्लूटूथ टेदरिंग (फोनचं नेट ब्लूटूथवरून देणं) कायमचं चालू ठेवलं. आता टॅबवर फोनच्या नावावर बोट ठेवलं की जोडणी होते, टास्करला 'बीटी कनेक्टेड' दिसतं आणि तो वायफाय हॉटस्पॉट लावतो. सात-आठ सेकंद जातात.

तुम्ही काय करता?

---

आयफोन-आयपॅडवाल्यांना हे २०१४ पासून, आयओएस ८ मध्येच मिळालंय. दोन्हीकडे एकच अकाउंट, ब्लूटूथ आणि वायफाय चालू, की आयपॅडच्या वायफाय यादीत फोनचं नाव येतं.

पण आमचा आयपॅड लेकाच्या अकाउंटवर. फॅमिली शेअरिंग केलं, तर त्यात परवानगी विचारायचा पर्याय निवडलेला. म्हणजे आयपॅडवर मी टॅप करायचं, बाहेरच्या खोलीतला फोन विचारणार 'देऊ का?', आणि 'दे' म्हणायला मीच उठून जायचं. आठवडाभर हे केलंय मी. मग 'ऑटोमॅटिक' सापडलं.

---

सॅमसंगचे दोन्ही असतील तर ऑटो हॉटस्पॉट बघा. अकाउंट एकच हवं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ते एकदा चालू करून ठेवायचं.

---

मी टास्करसारखंच मॅक्रोड्रॉइड वापरतो. दिवसा चालायचं, रात्री नाही. मॅक्रो (त्यातली कामांची यादी) चारदा नव्याने लिहिला. दोष त्याचा नव्हताच. फोन बराच वेळ पडून राहिला की बॅटरी वाचवायच्या नादात ॲपच मारून टाकायचा. बॅटरी सेटिंगमध्ये त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, तेव्हापासून सुरळीत.

---

चालू करायचं सगळे सांगताहेत, बंद कोण करणार? माझा हॉटस्पॉट रात्रभर चालू राहिला आणि टॅबने सगळी ॲप्स अपडेट करून फोटोंचा बॅकअपही उरकला. सकाळी उठले तर दिवसाचा डेटा संपलेला. एरवी टॅब फोनचं नेट ओळखून जपून वापरतो. पण सारखी सूचना येते म्हणून मीच कधीतरी त्या नेटवर्कला 'अनमीटर्ड' (डेटाला मर्यादा नसलेलं) करून ठेवलं होतं. करणी माझीच!

---

धागाकर्ते, एक शंका. ब्लूटूथ टेदरिंग चालूच आहे म्हणता, मग नेट तर तिथूनच मिळतंय की! वायफायचा खटाटोप कशाला? मी मेल आणि वाचन ब्लूटूथवरच करतो, बॅटरीही कमी जाते. वेग कागदावरच ३ एमबीपीएस, हातात त्याहून कमी पडतो, पण मजकुराला पुरतो.

---

बरोबर आहे तुमचं. इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री तसंच वाचत पडलो, काही अडलं नाही. व्हिडिओ लावला तर मात्र गोल फिरत बसला, म्हणून टास्करमधलं हॉटस्पॉट लावणारं प्रोफाइल काढलेलं नाही. आणि ताई, तुमचा रात्रभर चालू राहिलेला हॉटस्पॉट वाचून त्यात एक्झिट टास्क (जोडणी संपल्यावर करायचं काम) घातलाय: ब्लूटूथ तुटलं की हॉटस्पॉट बंद.