वळवलेल्या ओहोळाची पातळी ठरवायची कशी? (मखमलाबाद शिवार, नाशिक)

ओहोळकाठ:
नमस्कार मंडळी. लेआउट पडताना आमच्याकडचा ओहोळ प्लॉटांच्या कडेनं वळवला. जुनं पात्र १८० मीटर होतं, नवा काँक्रीटचा पाट २७० मीटर, मध्ये दोन काटकोनी वळणं. मंजूर नकाशात दोन टोकांत ९० सेंमी उतार दाखवलाय. पाटाच्या खालच्या टोकाला बरगे (खाचांत सरकवायच्या आडव्या फळ्या) घालायचा बंधारा आहे, बरगे ९० सेंमीपर्यंत चढतात. वरच्या अंगाचे बागायतदार म्हणतात, बरग्यांमुळे द्राक्षात पाणी उभं राहतं. खालचे म्हणतात, बरगे काढले तर दिवाळीनंतर विहिरी तळ गाठतात. सोसायटीच्या बेसमेंटला पाझर. जो तो वेगळ्या दगडाकडे बोट दाखवून ‘पाणी इथपर्यंतच असायचं’ म्हणतो. काय करावं, आणि दाद कुठे मागावी?

दुर्बीणवाला:
तुमच्या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. उतार तेवढाच, लांबी वाढली. १ः२०० चा (दर २०० मीटरला एक मीटर उतरणारा) ओहोळ १ः३०० झाला. वेग उताराच्या वर्गमुळावर चालतो, म्हणजे तितक्याच खोलीला आता सुमारे १८ टक्के कमी पाणी वाहतं. काटकोनी वळणांचं नुकसान वेगळं. आतल्या कोपऱ्यात गाळ बसतो आणि तिथं पात्र आणखी अरुंद होतं. त्यामुळे बरगे पूर्ण काढले तरी पावसाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा वर चढणारच.

दगड सोडा, एक खूण पक्की करा. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याचा न हलणारा कोपरा घ्या, रंग मारा, त्याला १०.००० मीटर माना. तिथून लेव्हलच्या (पातळी मोजायच्या) दुर्बिणीनं दर १० मीटरला तळाची पातळी घ्या. बरग्यांचा माथा, बेसमेंटची फरशी आणि बागेतली सगळ्यात सखल सरी विसरू नका. परत खुणेवर येऊन आकडा जुळवा. एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर सगळं पुन्हा. गवंड्याची पाण्याची नळी वापरायची असेल तर आत बुडबुडा राहू देऊ नका. त्यानंच पातळी चुकते आणि दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन बसतात. मोजताना तिन्ही पक्षांचा एकेक माणूस हजर ठेवा, सह्या जागेवरच घ्या.

पाटकरी:
दुर्बीणवाल्यांचं पटलं, पण विहिरींचा मुद्दा राहिला. ९० सेंमीचे बरगे आणि १ः३०० उतार म्हणजे सपाट पाणी बरोबर २७० मीटर मागे जातं. म्हणजे सगळा साठा काँक्रीटवर! तिथं पाणी जिरणार कुठून? ते फक्त उभं राहतं, वरच्या टोकाला बागेत घुसतं आणि पाटाच्या भिंतीच्या सांध्यांतून बेसमेंटकडे जातं. खालच्यांच्या विहिरींना जो काही फायदा होतो तो बरग्यांच्या फटींतून गळून खालच्या मातीच्या पात्रात जिरणाऱ्या पाण्याचा. शिवाय गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचं आवर्तन (ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) सुरू असेल तर पाझर तिकडूनही येतो, तो हिशोबात धरा.

बरगे अर्ध्यावर, ४५ सेंमीवर आणा. साठा १३५ मीटरवर थांबेल, बाग सुटेल. आणि खालच्यांसाठी काँक्रीट संपल्यावर मातीच्या पात्रात दुसरा छोटा बांध घाला, परवानगी घेऊनच. पहिल्या पावसाआधी सगळे बरगे बाहेर काढून मोजून ठेवा. एक जरी खाचेत अडकला तर पुरात काडीकचरा तिथंच गोळा होतो.

बागेचा_माणूस:
कोल्हापुरी बंधाऱ्यासारखे १५ ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे टाकता ना? तीच द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची वेळ. नवी फूट निघत असताना मुळाशी पाणी तुंबलं की पांढरी मुळी गुदमरते, पानं पिवळी पडतात, वर ओल टिकली की डाऊनी (केवडा रोग) आलीच. बरगे दोन टप्प्यांत चढवा. बागेच्या कडेनं मीटरभर खोल चर काढा आणि त्याचं तोंड बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडा. वरच्या बाजूला सोडलं तर साठ्याचं पाणी चरातूनच उलटं बागेत येईल. हे फार ठिकाणी उलटंच केलेलं असतं.

ओहोळकाठ:
खालचे म्हणतील, ४५ सेंमीनं आमचं पाणी तोडलं. किती वाहतं ते दाखवता येईल का?

दुर्बीणवाला:
येईल. एका बरग्याच्या जागी ३ मिमी पत्रा, त्यात ९० अंशांची V आकाराची खाच. पाण्याची उंची खाचेच्या खालच्या टोकापासून मोजायची, पण खाचेजवळ नाही, मीटरभर मागे. खाचेशी पाणी खाली वाकलेलं असतं. उंची १० सेंमी असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंमी असेल तर सुमारे २५. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त. ‘चार बोटंच तर कमी झालं’ या बोलण्याला म्हणूनच अर्थ नाही. धार खाली मोकळी पडली पाहिजे, खालचं पाणी खाचेला टेकलं की आकडा खोटा.

फेरफार:
दाद मागायचं म्हणाल तर: शेतात येणारं-जाणारं पाणी कुणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांत. बेसमेंटचा पाझर त्यात बसवू नका, तो महापालिकेकडे. आधी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून नगररचना विभागाकडून वळवलेल्या पात्राची मंजूर रुंदी आणि तळपातळी मागवा. भूमी अभिलेखकडून गाव नकाशाही घ्या. मंजूर छेद (पात्राची रुंदी आणि तळपातळी) आणि जागेवरचा छेद वेगळे निघाले तर वाद शेजाऱ्यांत राहत नाही, ज्यानं पाट बांधला त्याच्याकडे जातो.

गोदेचा_काठ:
एक राहिलं. हा ओहोळ गोदावरीलाच मिळत असेल ना? गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुटला की मुखाशी नदीचा फुगवटा चढतो आणि ओहोळाचं पाणी मागे थोपतं. सराफ बाजारात सरस्वती नाल्याचं असंच होतं. त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, त्यात बरग्यांचा दोष काढू नका. मुखाशी पाण्याची उंची मोजायची एक पट्टी आणि बंधाऱ्याशी एक, दोन्ही त्याच १०.००० च्या खुणेला जोडलेल्या. मुखाकडचा आकडा बंधाऱ्याच्या आकड्याला भिडला की समजा, पाणी खालून चढतंय.