कियांतीचा कायदा: वाइन वाचवली की बाटवली?

फुकटचा रसिक: इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या कियांती वाइनला १९६७ साली सरकारी दर्जा मिळाला आणि सोबत पाककृतीच कायद्यात घुसली. लाल सांजोवेजे द्राक्षांत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत! 'चालतील' नव्हे, 'पाहिजेत'. रेड वाइनमध्ये! शेवटी अंतिनोरी या तिथल्या बड्या वाइनवाल्यांनी १९७१चं तिन्यानेल्लो हे वाइन सरळ 'टेबल वाइन' म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं म्हणून विकायला काढलं आणि ते कियांतीपेक्षा चढ्या भावाने गेलं. मग हवाय कशाला हा कायदा? बाटलीवर करणाऱ्याचं नाव असतंच की.

माळावरची: अंतिनोरींचं नाव चालतं हो, चौदाव्या शतकापासून धंद्यात आहेत. दोन हेक्टरवाल्याला कोण ओळखतं? त्याचं गिऱ्हाईक बाटलीच्या मानेवरचा काळा कोंबडा, म्हणजे कियांती क्लासिकोची खूण, बघून येतं. देवगडच्या पेटीत बाहेरचा आंबा भरला की मार कोणाला बसतो? बिननावाच्या बागायतदाराला. कियांतीतही तेच झालंय. १७१६ साली तोस्कानाचा राजा, ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, याने हद्द आखून दिली होती. १९३२ मध्ये आजूबाजूचा मोठा मुलूख त्याच नावाखाली घेतला आणि मूळ गावांना ओळखीसाठी 'क्लासिको' हे शेपूट लावावं लागलं.

जुनं पिंप: पाककृतीचं खापर कियांतीतले जुने वाइनवाले बॅरन बेत्तिनो रिकासोली यांच्यावर फोडतात, म्हणून सांगतो. १८७२च्या पत्रात त्यांनी लिहिलंय: सांजोवेजे सुगंधाला, कानाइओलो हे दुसरं लाल द्राक्ष गोडव्याला, आणि पांढरी माल्वाझिया द्राक्षं रोजच्या पिण्यातल्या वाइनला, वाइन मुरवायची असेल तर ती द्राक्षं वगळलेली बरी. कायद्याने नेमकं हे शेवटचं वाक्य गाळलं. वर त्रेब्बियानो या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षालाही आत घेतलं. भरघोस पीक, चव पाणचट, आणि बागांत आधीच रग्गड लावलेलं.

फुकटचा रसिक: म्हणजे मुद्दा माझाच झाला! राद्दा गाव कियांतीच्या ऐन काळजात. तिथलं १९७७चं ले पेर्गोले तोर्ते हे वाइन शंभर टक्के सांजोवेजे, म्हणून कायद्याने कियांती नाही. घरच्याच द्राक्षाला घरात बंदी.

माळावरची: १९९६पासून क्लासिकोत शंभर टक्के सांजोवेजे चालते. २००६च्या पिकापासून पांढरी द्राक्षं बंद. कियांतीच्या नावाबाहेर पडलेल्यांनी भाग पाडलं, कबूल. पण हेक्टरी साडेसात टन द्राक्षांची मर्यादा उठवून बघा. दोन वर्षांत पाणी विकतील.

फुकटचा रसिक: टनांची मर्यादा ठेवा, माझी हरकत नाही. पण कुठलं द्राक्ष घालायचं हे सरकारने सांगू नये. एकोणचाळीस वर्षं लागली राव चूक सुधारायला! ले पेर्गोले तोर्तेवाले दार उघडल्यावरही परतले नाहीत.

माळावरची: द्राक्षाचं बंधन काढलंत तर उद्या मेर्लो हे परदेशी द्राक्ष भरून कोंबडा चिकटवतील. आज किमान ८० टक्के सांजोवेजे लागते, म्हणून तर चव ओळखू येते.

जुनं पिंप: भांडताय ते क्लासिकोबद्दल. नुसत्या 'कियांती'त आजही १० टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षं चालतात. रसिकराव, मागच्या खेपेला पिझ्झाबरोबर तुम्ही नक्की कुठली प्यायलात? कोंबडा होता का मानेवर?