विधेयकावर किती वेळ बोलायचं हे ठरवतं कोण?

सातारी_चहा
वडिलांना रिटायर झाल्यापासून अधिवेशन लाईव्ह बघायचा नाद लागलाय, दुपारभर घरात तेच. परवा मीही बसलो तर तालिका अध्यक्ष (अध्यक्ष नसताना सभागृह चालवणारे) एका दमात "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत" म्हणत गेले आणि चहा गार व्हायच्या आत विधेयक पास. त्याच्या आधीच्या विधेयकावर मात्र दोन तास हमरीतुमरी. हे घटनेत लिहिलंय की अध्यक्षांच्या मनावर? वडील म्हणतात "ते आधीच ठरलेलं असतं", पण कुठे ते त्यांनाही सांगता येईना.

बॅकबेंचर
वडील बरोबर आहेत. घटना एवढंच म्हणते की सभागृहाने आपले कामकाजाचे नियम आपणच करावेत, संसदेला कलम ११८ आणि राज्याला २०८. वेळेचं गणित बसतं कामकाज सल्लागार समितीत. अध्यक्ष तिथे प्रमुख, सोबत सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडचे लोक, लोकसभेत ही समिती १५ जणांची असते. कुठल्या विधेयकाला किती तास हे तिथे ठरतं, मग ते तास पक्षांच्या संख्याबळावर वाटले जातात, त्यामुळे छोट्या पक्षाचा माणूस "अध्यक्ष महोदय, मी आपलं लक्ष..." म्हणतो तोवर घंटी वाजते. गंमत म्हणजे बाहेर कॅमेऱ्यासमोर "बोलूच दिलं नाही" म्हणणाऱ्या पक्षाचा माणूस पण बहुतेक वेळा त्या बैठकीत असतो. अर्थात तिथे त्याचं किती चालतं हा वेगळा विषय.
आणि ठरलेला वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकाला लोकसभेत ८ तास दिले होते, चर्चा १२ तासांच्या वर गेली, मतदान मध्यरात्रीनंतर, २८८ विरुद्ध २३२.

कोल्हापुरी_ठसका
हे सगळं कागदावर हो. २९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना काही मिनिटांत पास झालं, वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसलेले त्यावर एक तास बोलायला काय हरकत होती? आणि ते कायदे आणतानाही, २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत विरोधक मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या, मागत राहिले आणि नुसत्या होय-नाहीच्या आवाजी मतदानावर उरकलं. कोर्टात जावं तर कलम १२२ आडवं, कामकाजात नियम चुकला एवढ्यावरून कोर्ट हात घालत नाही. राज्याला तेच २१२. स्वतःच नियम करायचे, स्वतःच पंच, असलं क्रिकेट आम्ही गल्लीत खेळायचो.

बॅकबेंचर
@कोल्हापुरी_ठसका गल्लीचं पटलं :) पण कोर्टाचं एवढं सरसकट नाही, घटनाच मोडली असेल तर कोर्ट बघतं. नुसती प्रोसिजर चुकली तर नाही.

गॅलरीतला
मी एकदा पास काढून प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. खाली मोजून पंधरा-सोळा आमदार, एक जण फोनवर, दोघं मागे वळून गप्पा मारतायत. गणपूर्तीला, म्हणजे काम चालायला किमान हजर हवेत तेवढे, एक दशांश लागतात, म्हणजे २८८ मध्ये २९, पण कोणी मुद्दा काढला नाही आणि काम चालूच. तेव्हापासून माझं मत असं की तासांवरून भांडण्यापेक्षा विधेयक समितीकडे पाठवायचा आग्रह धरावा. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ ला नागपुरात मांडलं, दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे तपासायला गेलं, लोकांच्या बारा हजारांवर सूचना आल्या, काही बदल झाले आणि मग जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. बदल पुरेसे होते का यावर वाद घाला, पण निदान खंड न् खंड कोणीतरी वाचला.

सातारी_चहा
सगळ्यांचे आभार, वडिलांना पूर्ण धागा वाचून दाखवला. त्यांचा एकच प्रश्न, "मग त्या सल्लागार समितीचं लाईव्ह कुठल्या चॅनेलवर लागतं?"

बॅकबेंचर
नाही लागत काका, समित्यांच्या बैठका बंद दाराआडच. दिवसाच्या कामकाजाचा क्रम विधिमंडळाच्या साइटवर असतो, तो बघून टीव्ही लावा, निदान कुठल्या विधेयकाला चहा ठेवायचा ते कळेल.