नीव्ह १०७३ प्रीॲम्पची प्रतिकृती : बायस कसा जुळवावा?

प्रश्न : नीव्ह १०७३ या प्रीॲम्पची (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) प्रतिकृती जोडून झाली असून २४ व्होल्टचा पुरवठा स्थिर आहे, परंतु गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) वाढवताच लहरीची खालची बाजू वरच्या बाजूच्या बरीच आधी कापली जाते, म्हणजे सपाट होते. दोष ट्रान्सफॉर्मरचा असावा का?

उत्तर १ : बहुधा नाही. ही क्लास-ए रचना असल्यामुळे २एन३०५५ ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही प्रवाह वाहतो आणि तो, म्हणजेच बायस, ट्रिमरने (छोट्या बदलत्या रोधकाने) ठरवावा लागतो. आउटपुटला ६०० ओहमचा भार जोडून १ किलोहर्ट्झची साइन लहर द्यावी आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कापल्या जाईपर्यंत ट्रिमर अगदी सावकाश फिरवावा.

उत्तर २ : त्याआधी सर्किट अर्धा तास तापू द्यावे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मात्र फट हवीच, कारण त्याच्या प्रायमरीतून (पहिल्या वेटोळ्यातून) डीसी प्रवाह जातो आणि फट नसल्यास गाभा संपृक्त होऊन (आणखी चुंबकित होऊ न शकून) खर्ज बिघडतो.

प्रश्नकर्ता : भार जोडलाच नव्हता. आता जोडून मोजतो.